संसदेची राखण? कच्छचा निवाडा आठवा

महोदय,

कालच्या अग्रलेखात परराष्ट्र धोरणाविषयी जे छापले आहे ते नेमके उलटे आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष म्हणेल ती पूर्व दिशा आणि आपल्याकडे मात्र प्रत्येक करारावर संसदेची राखण, असे आपण ठामपणे लिहिले आणि दाखला दिला तो भारत-अमेरिका नागरी अणुसहकार्य कराराचा, म्हणजे अणुकराराचा. दाखलाच आपल्या विरुद्ध जातो. तो करार अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २७ सप्टेंबर २००८ रोजी २९८ विरुद्ध ११७ मतांनी आणि सिनेटने १ ऑक्टोबरला ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. त्यानंतरच राष्ट्राध्यक्ष बुश यांची विधेयकावर सही झाली आणि १० ऑक्टोबरला दोन्ही देशांच्या मंत्र्यांनी करारावर सह्या केल्या. आपल्या लोकसभेत २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ असे जे मतदान झाले, ते मनमोहन सिंग सरकारवरील विश्वासाचे होते. कराराचा मसुदा मताला टाकला गेला नाही, टाकण्याचे बंधनही नव्हते.

बंधन का नव्हते, हे अग्रलेखात यायला हवे होते. परदेशांशी करार करणे हा विषय राज्यघटनेच्या केंद्र सूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत, चौदाव्या क्रमांकावर आहे. कलम ७३ नुसार संसद ज्या विषयावर कायदा करू शकते, त्यावर सरकारचा कार्यकारी अधिकार चालतो. करार कसे करावेत, कोणते सभागृहापुढे आणावेत, याचा कायदा संसदेने आजवर केलेला नाही, त्यामुळे वाटाघाटी, सही आणि पुष्टी हे सगळे मंत्रिमंडळाच्या हातात राहते. करार अमलात आणायला देशातला कायदा बदलावा लागला तर कलम २५३ खाली संसदेकडे यावे लागते. पैसा लागला तर अनुदानाच्या मागण्या येतात. आणि देशाचा प्रदेश द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती.

या शेवटच्या बाबतीत तरी संसद भक्कम आहे, असे वाटेल. गुजरातेत वाचल्या जाणाऱ्या दैनिकाला कच्छचे रण आठवू नये, याचे खरोखर वाईट वाटते. १९६५ च्या एप्रिलमधल्या चकमकींनंतर ३० जूनला पाकिस्तानशी समझोता झाला आणि रणातल्या सीमेचा वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे गेला. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी लवादाने दोन विरुद्ध एक मताने निवाडा दिला. सुमारे साडेतीन हजार चौरस मैलांच्या वादग्रस्त रणापैकी सुमारे ३५० चौरस मैल पाकिस्तानला गेले, त्यात कांजरकोट, धारा बन्नी आणि छाड बेट होते. पावसाळ्यात रण पाण्याखाली जाते तेव्हा हे बेट वर राहते आणि तिथे गवत येते. रणातल्या मालधाऱ्यांना, म्हणजे पशुपालकांना, चराईचे मोल सांगावे लागत नाही. नगरपारकरजवळ पाकिस्तानी भूमीत शिरलेल्या रणाच्या दोन खाचा तर भारताकडे राहिल्या तर कटकटी होतील, शांतता टिकणार नाही, या कारणाने पाकिस्तानला दिल्या गेल्या.

हा निवाडा घटनादुरुस्तीशिवाय अमलात आणू नये म्हणून मगनभाई ईश्वरभाई पटेल आणि इतरांनी याचिका केल्या. ९ जानेवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या फेटाळल्या. न्यायालयाचे म्हणणे असे की येथे प्रदेश दिलेला नाही, अनिश्चित सीमा निश्चित झाली आहे आणि त्याला सरकारी कृती पुरेशी आहे. याआधी १९६० मध्ये पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात याच न्यायालयाने प्रदेश द्यायला घटनादुरुस्ती हवी, असे मत दिले होते. म्हणजे संसदेला मत मिळणार की नाही, हे प्रदेश ‘दिला’ की सीमा ‘ठरवली’ यावर अवलंबून, आणि ते पहिल्यांदा ठरवते सरकारच! १९७४ मध्ये कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेले तेही घटनादुरुस्तीशिवाय. उलट त्याच वर्षीचा बांगलादेश सीमाकरार शंभराव्या घटनादुरुस्तीसाठी २०१५ पर्यंत थांबला.

अमेरिकेची व्यवस्था निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. तहाला हजर सिनेटरांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते, म्हणून राष्ट्राध्यक्ष बहुतेक वेळा तह टाळून, ही संमती न लागणारे कार्यकारी करार करतात. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावाप्रमाणे राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवले की ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचे आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत सैन्य थांबवायचे, माघारीला फार तर आणखी ३० दिवस. २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटल्यावर ओबामा सरकारने ही ‘लढाई’च नव्हे असे सांगून वेळ मारून नेली. काँग्रेसने थांबवायचे ठरवले तरी ठरावावर राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार येतो आणि तो मोडायला पुन्हा दोन तृतीयांश. पण निदान कोणी कोणत्या बाजूने हात वर केला याची नोंद राहते. १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली, तेव्हा अशी कोणती नोंद झाली?

संसदेला हात घालायला जागा मिळाली की ती काय करू शकते, हेही याच अणुकराराने दाखवले. अणुअपघातातल्या नुकसानभरपाईसाठी कायदा लागणार होता, तो २०१० मध्ये आला आणि त्याच्या कलम १७ (ब) ने अणुभट्टीची सामग्री पुरवणाऱ्यावरही जबाबदारी टाकली. अमेरिकी कंपन्या त्यामुळे कित्येक वर्षे अडून राहिल्या. ते चांगले की वाईट यावर वाद घाला, पण तो लोकप्रतिनिधींचा निर्णय होता. राज्यघटनेचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्येच करारांसाठी कायदा करण्याची शिफारस केली होती. ब्रिटनमध्ये २०१० पासून पुष्टीआधी करार सभागृहाच्या २१ बैठक-दिवसांसाठी पटलावर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे एवढेही नाही.

जाता जाता आणखी एक. अधिवेशनाच्या दिवसांत आपण गोंधळाची छायाचित्रे तीन-तीन स्तंभ छापता आणि परराष्ट्र मंत्रालयाची लेखी उत्तरे गाळता. कराराबद्दल खासदाराने काय विचारले आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, हे आम्हाला वाचायचे असते.

अणुकराराबद्दलची दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, अग्रलेखाच्याच जागी द्यावी, ही विनंती.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे