सिंथेटिक बायोलॉजी शिकणारे विद्यार्थी तालुक्याच्या गावीही यावेत

महोदय,

जिवाणू किंवा यीस्टच्या पेशीत नव्याने जुळवलेली जनुके घालून तिच्याकडून औषधे, विकरे, रसायने तयार करून घेणाऱ्या सिंथेटिक बायोलॉजी या शाखेत ‘आयजेम’ नावाची विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी होते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत २००४ साली पाच संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेचा अंतिम मेळावा गेली काही वर्षे पॅरिसला भरतो आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेसह भारतातील अनेक संस्थांचे संघ तिच्यात उतरले आहेत. प्रयोगशाळेतील कामाबरोबरच आपल्या संशोधनाचा समाजाशी काय संबंध आहे याचा विद्यार्थ्यांनी केलेला विचार आणि त्यांनी केलेले लोकशिक्षण यांचेही येथे मूल्यमापन होते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मात्र माझ्या पाहण्यात हे लोकशिक्षण बहुधा मोठ्या शहरांतील शाळांपुरते आणि इंग्रजीतच राहते. जनुकबदलाशी ज्यांचा संबंध सर्वांत जुना आणि जवळचा आहे, तो कापूस पिकवणारा शेतकरी त्यातून वगळला जातो. जिवाणूचे जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची मोठी किंमत मोजली. बीटी वांग्यावरील जनसुनावणी २०१० मध्ये नागपुरातही झाली होती, तर २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. अशा श्रोत्यांपुढे डीएनए म्हणजे काय एवढेच सांगून परतणे पुरेसे नाही. अळीत प्रतिकारशक्ती कशी निर्माण होते, बियाण्याची चाचणी कोण घेते, परवानगी कोण देते आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, हे तेथे विचारले जाणारच, आणि विचारले जायलाच हवे.

विद्यार्थ्यांनी केवळ यशोगाथा सांगू नयेत, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. पूर्वी डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागणारे इन्सुलिन १९८२ पासून जिवाणूंकडून बनवलेले मिळू लागले आणि नवजात बाळाला टोचली जाणारी हिपॅटायटिस-बीची लस जनुकबदल केलेल्या यीस्टमध्ये तयार होते, हे जरूर सांगावे. त्याने अनेकांची भीती ओसरेल. पण हिवतापावरील आर्टेमिसिनिनची हकिगतही सांगावी. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठातील शास्त्रज्ञ जे कीसलिंग यांच्या गटाने या औषधाचे पूर्वद्रव्य यीस्टकडून तयार करून घेतले आणि २०१३ मध्ये सानोफी कंपनीने त्यावरून कारखान्यात उत्पादन सुरू केले. तरीही शेतात पिकणाऱ्या वनस्पतीपासून मिळणारे आर्टेमिसिनिन स्वस्त पडल्याने यीस्टपासूनचे आर्टेमिसिनिन बाजारात टिकू शकले नाही. ते टिकले असते, तर आशिया-आफ्रिकेत ती वनस्पती पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या उत्पन्नाचे काय झाले असते, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘बायोई३’ धोरण मंजूर करून जैवउत्पादनाला, म्हणजे सूक्ष्मजीवांसारख्या सजीवांकडून वस्तू तयार करून घेणाऱ्या उद्योगाला, चालना देण्याचे ठरवले आहे. अशा कारखान्यांना लागणारी साखर व शेतीतील अवशेष अखेर शेतकऱ्याकडूनच यायचे आहेत, तेव्हा हा संवाद धोरण अमलात येत असतानाच व्हायला हवा. कृषी विज्ञान केंद्रे आणि मराठी विज्ञान परिषदेचे विभाग त्यासाठी व्यासपीठ देऊ शकतील. विद्यार्थ्यांनी मराठीत बोलावे, श्रोत्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि त्यांमुळे आपल्या प्रकल्पात काय बदल केला, हे परीक्षकांइतकेच त्या गावालाही कळवावे. संस्थांनीही या कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक द्यावेत, नाहीतर परीक्षेच्या धामधुमीत ते मागे पडते.

मे महिन्यात, पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी, शेतकऱ्यांना थोडी सवड असते. त्या वेळी कोणताही संघ आमच्या भागात येणार असेल, तर सभागृहाची, मुक्कामाची आणि श्रोते जमवण्याची व्यवस्था आम्ही काही निवृत्त शिक्षक आनंदाने करू.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जि. अकोला