विषय : अर्धवट बॅकअपवर 'पूर्ण' अशी खूण दाखवणाऱ्या आपल्या सेवेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

बेळगावात शहापूरला माझा छापखाना आहे आणि खानापुरात त्याची लहानशी शाखा. अक्षरजुळणी आणि प्रूफदुरुस्ती खानापूरच्या विंडोज संगणकावर होते, पानमांडणी इथल्या जुन्या मॅकवर. दोन्हीकडच्या फाइली सारख्या राहाव्यात आणि त्यांची एक प्रत तिसऱ्या ठिकाणी असावी, एवढ्यासाठी मी आपली वार्षिक सेवा घेतली. रोज रात्री दोन्ही संगणक एसएसएच या कुलूपबंद जोडणीवरून आपल्या सर्व्हरला जोडले जातात, दिवसभरात बदललेले तेवढे वर चढते आणि सकाळी पडद्यावर हिरवी खूण असते : 'बॅकअप पूर्ण'. त्या खुणेवर माझा विश्वास होता, कारण त्याचेच पैसे मी भरले होते.

पावसाळ्यात मॅकची डिस्क निकामी झाली. नवी डिस्क घालून आपल्या सर्व्हरवरून सगळे परत उतरवून घेतले. लग्नपत्रिका आल्या, पावतीपुस्तके आली, पतसंस्थेचा अहवाल आला. एका गावच्या महालक्ष्मी यात्रेची स्मरणिका मात्र जवळजवळ सगळीच गायब होती. आमच्या भागात कित्येक गावांत ही यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा भरते. स्मरणिकेसाठी लोक घरातले जुने फोटो काढून देतात, आम्ही ते स्कॅन करतो, डाग काढतो आणि मूळ फोटो ज्याचे त्याला परत देतो. ते सगळे काम पुन्हा दारोदार फिरून करावे लागले. काही घरांतले फोटो आता सापडत नाहीत. त्या माणसांना मी काय उत्तर द्यायचे?

आपल्या प्रतिनिधीने 'फाइली तुमच्याकडूनच पुसल्या गेल्या असतील' असे सांगितले. म्हणून मी प्रोग्रॅमचा लॉग, म्हणजे त्याची रोजची नोंदवही, उघडून वाचला. आपली सेवा आतून आरसिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्रॅम वापरते, आणि आरसिंकने जवळजवळ प्रत्येक रात्री कोड २३ दिला आहे. आरसिंकच्या माहितीपुस्तिकेत या कोडचा अर्थ स्पष्ट आहे : चुकीमुळे काही फाइली गेल्या नाहीत, काम अर्धवट झाले. प्रत्येक राहिलेल्या फाइलीपुढे कारणही लिहिले आहे, 'फाइलचे नाव फार लांब'. म्हणजे खालच्या यंत्रणेने इमानाने सांगितले आणि आपल्या प्रोग्रॅमने ते दडवून वर हिरवी खूण लावली. माझी मुख्य तक्रार हीच आहे. फाइल गेली नाही हे त्याच सकाळी कळले असते तर ती मी पेन ड्राइव्हवर तरी घेतली असती.

नावाचा हिशेबही सांगते, म्हणजे 'तुमचीच नावे विचित्र' असे कोणी म्हणू नये. हरवलेल्या एका फाइलचे नाव असे होते : 'ग्रामदेवता श्री महालक्ष्मी यात्रा महोत्सव स्मरणिका मुखपृष्ठ व जाहिरात पाने दुरुस्तीसह सुधारित'. यात अक्षरे, काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण असे सगळे धरून ८२ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे २४६. शब्दांमधल्या ११ मोकळ्या जागा मिळवल्या की २५७, आणि फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे वेगळीच. सर्व्हरवर सहसा असणाऱ्या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणालीत एका नावाला २५५ बाइट मिळतात. मॅक मात्र बाइट न मोजता चिन्हे मोजतो, त्यामुळे इथे ते नाव सुखाने बसते आणि आपल्या दारात अडते. इंग्रजीत एवढ्याच चिन्हांचे नाव असते तर ते १०० बाइटांच्या आतच राहिले असते.

यावर आपल्याकडून लेखी उत्तर आले : फाइलींना इंग्रजीत छोटी नावे द्या. हे उत्तर मला मान्य नाही. माझ्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही कामे येतात, आणि कन्नडचेही प्रत्येक चिन्ह ३ बाइटचेच आहे. कोणत्या गावचे, कोणते काम, कितवी दुरुस्ती हे मुलांना नावावरूनच कळते. आपण भारतात सेवा विकता, तर सर्व्हरवर नाव आखूड करून ठेवा आणि मूळ नाव यादीत जपा. ते करणे अवघड नाही.

दुसरा दोष याच्याच जवळचा आहे. 'दुसऱ्या', 'अपुऱ्या' अशा शब्दांतला 'ऱ' विंडोज एकच चिन्ह म्हणून ठेवते. जुन्या मॅकची डिस्क तोच 'र' आणि खालचा नुक्ता (टिंब) असा फोडून ठेवते. दिसायला फरक नाही, पण आपला सर्व्हर त्यांना दोन निरनिराळ्या फाइली समजतो. 'दुसऱ्या प्रूफातील दुरुस्त्या' नावाच्या दोन फाइली तिथे तयार झाल्या, आणि मॅकवर उतरताना जुनीने नवी पुसली. चुकीचे पान छापले गेले, कागद माझा वाया गेला. आरसिंकमध्ये अशी नावे जुळवून घेण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. आपण ती वापरलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार गंभीर वाटते. आपण सर्व्हर बदललात तेव्हा एसएसएचने इशारा दिला की समोरच्या यंत्राची ओळख-किल्ली बदलली आहे. आपल्या तंत्रज्ञाने फोनवर ती तपासणीच बंद करायला लावली. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. समोर नक्की कोण आहे हे तपासलेच नाही, तर कुलूपबंद जोडणी भलत्याच यंत्राशीही होऊ शकते. माझ्या फाइलींत पतसंस्थेच्या सभासदांची नावे आणि रकमा आहेत. नव्या किल्लीचा ठसा, म्हणजे ती पडताळायची छोटी खूण, ग्राहकांना आधी लेखी कळवणे हे आपले काम होते.

तेव्हा माझी मागणी अशी. कोड शून्य (म्हणजे काम बिनचूक) नसेल त्या दिवशी हिरवी खूण दिसता कामा नये, राहिलेल्या फाइलींची नावे समोर आली पाहिजेत. आपल्याकडे माझ्या ज्या फाइली अर्धवट किंवा दुहेरी आहेत त्यांची पूर्ण यादी द्या. किल्लीचा ठसा लेखी पाठवा आणि तपासणी पुन्हा सुरू करून द्या. या वर्षाचे शुल्क परत करा आणि वाया गेलेल्या कागदाची भरपाई द्या, त्याची बिले सोबत जोडली आहेत.

छापखान्यावरच माझे पोट आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागता येते, त्यामुळे आपले कार्यालय कुठल्या शहरात आहे याने फरक पडत नाही. लॉगची प्रत, आपले उत्तर आणि शुल्काची पावतीही सोबत आहे.

आपली ग्राहक,
छापखाना चालक, शहापूर, बेळगाव