हिरव्या पेस्टचं खूळ

सोलापूर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वस्तरा घेतलास, त्याची धार परजायला चामड्याचा पट्टा घेतलास, वर त्या पट्ट्यावर लावायच्या तीन रंगांच्या पेस्ट घेतल्यास, आणि तरी दाढी ओरबाडून निघते म्हणतोस. का बे, एवढी खरेदी केलीस आणि त्यात निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, कुठेच नाही?

पेस्ट लावलेला पट्टा हे निसण्याचंच धाकटं भावंड. ८००० नंबरच्या दगडाचे कण साधारण एक-दोन मायक्रॉनचे असतात, चांगल्या हिरव्या पेस्टमधले अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. एवढ्याशा कणांनी बोथट कड नव्याने पाडायची म्हटली तर जन्म जाईल. दगडावर धार टोकापासून टाचेपर्यंत पूर्ण आली पाहिजे, मग पेस्टने दगडाचे ओरखडे घालवायचे. त्यानंतर कोरं चामडं. ते लोखंड जवळजवळ काढतच नाही, कड सरळ करतं आणि गुळगुळीत ठेवतं. रोजच्या दाढीआधी हेच कोरं चामडं लागतं. पेस्ट धार उतरल्याचं जाणवेल तेव्हाच.

रंगांबद्दल विचारलंस. लाल म्हणजे आयर्न ऑक्साइड, सोप्या भाषेत बारीक दळलेला गंज. पाणी दिलेल्या पोलादापेक्षा तो फारसा कठीण नसतो, त्यामुळे सावकाश चकाकी आणतो, बाकी काही नाही. सराफ सोन्याला वापरतात तोच. हिरवा म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, तो पोलाद खातो. पण बाजारातल्या हिरव्या पेस्टच्या कांड्या पाहून घे. स्टीलच्या भांड्यांना बफिंग करणारे जी वापरतात तिच्यात पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे जाडे कण मिसळलेले असतात. भांड्याला चालतं, गालाला नाही. तिसरी तुझी हिऱ्याची. १, ०.५, ०.२५ मायक्रॉन अशा मापात येते आणि झपाट्याने कापते. तिचे कण चामड्यात एकदा रुतले की निघत नाहीत, म्हणून प्रत्येक मापाला वेगळा पट्टा हवा. तू तिन्ही पेस्ट एकाच पट्ट्यावर चोपडल्या असशील तर तो पट्टा आता सुतारकामाच्या पटाशीसाठी ठेव. आणि गॅरेजमधली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चालेल का, हे पुन्हा कुणाला विचारू नकोस. ती कितीतरी पट जाडी असते.

आता खरी गोम. चामडं मऊ असतं. पातं दाबलंस की ते खाली दबतं आणि कडेच्या मागे पुन्हा वर उठतं. त्या उठण्यात पेस्ट कडेचं टोकच गोल करते. दिसायला आरसा, कापायला बोथट! लोक अशा वेळी आणखी पेस्ट लावतात आणि आणखी जोराने घासतात. तू तेच करतोयस, तुझ्या वर्णनावरून स्पष्ट कळतं. पट्टा ताणून धर, झोळ पडू देऊ नकोस. वस्तऱ्याची पाठ आणि कड दोन्ही टेकलेली, पाठ पुढे, कड मागे, वजन फक्त वस्तऱ्याचं. टोकाला पोचलास की पाठीवरच उलटव. कडेवर उलटवलंस तर पट्टा कापशील. पेस्टवर हात थोडेच फिरव, मग पातं पुसून कोऱ्या चामड्यावर. बऱ्याच वेळा पेस्टने भागवल्यावर एक दिवस तीही भागवेनाशी होते. तेव्हा मुकाट्याने दगडाकडे परतायचं.

पेस्ट लावतोस ती इतकी पातळ हवी की चामड्याचा रंग खालून दिसावा. जाड थर लावला की त्याचे गोळे होतात. आमच्याकडे मे महिन्यात कांडी आपोआप लोण्यासारखी मऊ असते, तुमच्याकडे थंडीत पट्टा जरा उन्हात ठेवून मग लाव.

पटाशीला मी चामडं वापरतच नाही. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा तुकडा, त्यावर हिरवी कांडी घासलेली, बस. कठीण पृष्ठभाग असल्याने धारेचा २५ अंशाचा उतार गोल होत नाही. पटाशी फक्त मागे ओढायची, पुढे ढकलली की फळीत रुतते. सपाट बाजू अगदी चिकटवून फिरवायची. ती थोडी जरी उचललीस तर पटाशी खोबणीत सरळ चालणार नाही.

इथल्या न्हाव्यांकडे विचारून पाहिलं, पण पेठेतल्या दुकानांतही आता चामड्याचा पट्टा खुंटीला दिसत नाही. सगळीकडे धारक आणि त्यात मोडलेलं अर्धं ब्लेड, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. एकाच वस्तऱ्याने दहा जणांची दाढी होण्यापेक्षा ते बरंच, यात मला काही हळहळ वाटत नाही. घरचा वस्तरा ज्याचा त्याने वापरावा, त्याला पट्टा शोभतो.

दाढी झाल्यावर पातं कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरव. खोबरेल नको, ते चिकट होतं. आमच्या कोरड्या हवेत कार्बन पोलाद टिकतं, तुझ्या कोकणात रात्रीत डाग पडतील.

दिवाळीला येशील तेव्हा वस्तरा घेऊन ये. माझे १००० आणि ८००० दोन्ही नंबरचे दगड आहेत, ओट्यावर बसून नीट धार पाडू. येताना हिऱ्याची पेस्ट मात्र तिकडेच ठेव, माझ्या पट्ट्यांजवळ ती नको. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. शेंगाचटणी किती बांधून ठेवू, तेवढं कळव.

तुझा,
बाळू