"करणार काय आहेस?" असं आधी विचारणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही माझ्या अमिगा 500 या जुन्या कॉम्प्युटरसाठी जे केलंत ते घरात बसून "थँक्यू काका" म्हणून संपवण्याजोगं नव्हतं. आणि हे मेमरी कार्ड घ्यावं की ते, या घोळात आज आणखी कोणी अडकलं असेल, तर त्यांनाही तुमचं बोलणं कानावर पडू दे.

मी तुमच्याकडे आले ती मेमरी कार्डांची यादी घेऊन. मन 8 एमबीच्या बोर्डाकडे ओढत होतं. 1987 साली बाजारात आलेल्या, जेमतेम 512 केबीच्या मशीनला 8 एमबी म्हणजे चंगळच. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "मशीनवर करणार काय आहेस?" आईच्या तंबोऱ्याचे सूर ट्रॅकरमध्ये, म्हणजे आवाजाचे नमुने जोडून गाणं बांधायच्या प्रोग्रॅममध्ये घालून त्यावर चाली बांधायच्या आहेत, असं मी सांगितलं. "मग तुला चिप मेमरी लागणार," तुम्ही लगेच म्हणालात. "बाकीची कितीही घे, पॉलाला ती दिसत नाही."

त्या एका वाक्यामागचं सगळं तुम्ही नंतर उलगडून सांगितलंत. अमिगात आवाज काढते ती पॉला नावाची चिप. तिला चार चॅनल, आठ बिट. ती आपला आवाज थेट मेमरीतून उचलते, पण फक्त चिप मेमरीतून. 8 एमबीचं बोर्ड 68000 प्रोसेसर काढून त्याच्या जागी बसतं आणि ते देतं फास्ट मेमरी. प्रोसेसर तिथे कोणाच्या अडथळ्याशिवाय धावतो. हार्ड डिस्क जोडून गेम्स चालवायचे असतील तर तेच घ्यावं, हेही तुम्ही सांगितलंत. तंबोऱ्याला मात्र त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मग मशीनच्या पोटाखालच्या झाकणात बसणारं 512 केबीचं कार्ड. त्याची गंमत मला तुमच्याकडेच कळली. ही मेमरी चिप मेमरीच्याच वाटेवर बसलेली असते, म्हणून प्रोसेसरला चित्र आणि आवाजाच्या चिप्सबरोबर पाळी लावावी लागते. शेताच्या एकाच पाटावर सगळ्यांची पाण्याची पाळी असावी, तसं. आणि एवढं करून पॉलाला ती वापरता येत नाहीच. म्हणून तिला स्लो मेमरी म्हणतात. नुसती बसवली तरी प्रोग्रॅम तिकडे जातो आणि मूळच्या 512 केबीत थोडी जागा मोकळी होते. माझं तेवढ्यावर भागलं नसतं.

हिशेब तुम्हीच पाठकोऱ्या कागदावर मांडलात. ट्रॅकरमध्ये C-3 या सुराला पॉला सेकंदाला साधारण 16,574 बाइट वाचते. त्याखालच्या सप्तकात 8,287 बाइटच लागतात, पण त्या वेगाने घेतलेल्या नमुन्यात 4 किलोहर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, आणि जवारीची झळाळी तर वरच असते. ढोलकीचा एक ठोका सेकंदाच्या आतच संपतो. तंबोऱ्याची तार छेडली की लांबत जाते. पंचम, जोडीचा षड्ज आणि खर्ज असे तीनच नमुने घेतले, प्रत्येकी तीन सेकंदांचे, तरी दीडशे केबी गेले. त्यात वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप), ट्रॅकर, पडद्यावरचं चित्र. बाकीच्या वाद्यांना उरणार काय?

यावर तोड तुम्ही काढलीत ती मशीन उघडून. पत्र्याच्या आवरणाचे पीळ दिलेले कान पक्कडीने एकेक सरळ करताना तुमचा हात एकदाही घाईला आला नाही. आत बोर्डावर 6ए ही आवृत्ती छापलेली होती. चौकोनी सॉकेटमधल्या ॲग्नस चिपवर तिरका उजेड धरून तुम्ही मला आकडे वाचायला लावलेत : 8372ए. "झालं काम," तुम्ही म्हणालात. ही ॲग्नस 1 एमबीपर्यंत चिप मेमरी सांभाळते. म्हणजे झाकणातलं तेच स्वस्तातलं कार्ड घ्यायचं, बोर्डावरच्या जेपी2 या जंपरची जोडणी बदलायची, जेपी7ए हा जंपर कापायचा, की स्लो मेमरीची चिप मेमरी होते. जुनी 8370 किंवा 8371 असती तर ही वाट बंद होती.

कोणतं कार्ड घ्यायचं यातही तुम्ही घाई करू दिली नाहीत. अमिगा बनवणाऱ्या कमोडोरचंच जुनं ए501 कार्ड एका ठिकाणी मिळत होतं, मला ते अस्सल म्हणून हवंसं वाटत होतं. तुम्ही त्याचा पत्रा उचकटलात. घड्याळासाठीची निकेल-कॅडमियमची बॅटरी फुटली होती आणि हिरवट पांढरी बुरशीसारखी साय शेजारच्या तांब्याच्या रेघांवर चढली होती. भिंगातून पाहिलं तर एक रेघ मधूनच नाहीशी झाली होती. असं कार्ड तसंच लावून ठेवलं तर तो रस पुढेही पसरतो, हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी नव्याने बनवलेलं, बॅटरीच नसलेलं कार्ड आपण घेतलं. घड्याळावाचून माझं काही अडत नाही.

सोल्डरचे डाग तुम्ही दिलेत, मी फक्त दिवा धरला. मशीन सुरू करून मेमरी किती आहे ते दाखवणारी अव्हेल ही आज्ञा दिली आणि चिपसमोरचा आकडा दुपटीच्या घरात गेलेला पाहिला, तेव्हा मला खरंच उड्या माराव्याशा वाटल्या. काही जुने गेम्स स्लो मेमरी गृहीत धरतात म्हणून तुम्ही एक छोटा स्विचही लावून दिलात. मी तो मागितलाही नव्हता.

वाढलेल्या 512 केबीत C-3 च्या वेगाने अर्ध्या मिनिटाचा आवाज मावतो. ऐकायला थोडं वाटतं, पण त्यात माझा तंबोरा पूर्ण लांबीने वाजतो, शिवाय ढोलकी, झांज आणि संवादिनीचे चार सूर बसतात. एक गोष्ट मात्र ऐकणाऱ्यांना सांगते : पॉवरचा दिवा मंद करा, म्हणजे वरचे सूर दाबणारा फिल्टर बंद होतो. नाहीतर जवारी दबून जाते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा तुमचाच प्यायले. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये, जिथे कमोडोरचा कारखाना होता, तिथे माझ्या भाषेत ॲग्नस आणि पॉला समजावून सांगणारं माणूस भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. काका, मनापासून आभार. काकूंना नमस्कार. गाण्याची फ्लॉपी घेऊन रविवारी येते, त्यात खर्ज जरा बसका वाटतोय, तो तुमच्या कानाने तपासून हवा आहे.

आपली,
तंबोरा घेऊन आलेली मुलगी