विषय: ‘माग न काढणारी’ म्हणून विकलेली तुमची अ‍ॅनालिटिक्स सेवा वाचकांचा माग काढते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या प्रतिनिधीचा फोन ठेवून लगेच हे लिहायला बसले आहे. फोनवर यापुढे बोलणार नाही.

आमच्या संकेतस्थळावर दारू सोडण्याबद्दल आणि नैराश्याबद्दल मराठीत माहिती असते. इथे कोण येऊन गेलं हे कुणालाही कळता कामा नये. त्याचसाठी वाचकसंख्या मोजणारं गुगल अ‍ॅनालिटिक्स काढून, पैसे मोजून त्याच कामाची तुमची स्क्रिप्ट (पानासोबत चालणारा छोटा प्रोग्रॅम) बसवली.

तुम्हीच लिहिलं आहे की आयपी पत्ता, ब्राउझरची माहिती आणि सॉल्ट (त्यात मिसळलेली अक्षरांची यादृच्छिक मालिका) मिळून हॅश (वाचकाचा सांकेतिक क्रमांक) तयार होतो आणि तो सॉल्ट दर 24 तासांनी पुसला जातो. मग काल आलेला वाचक आज नवाच दिसायला हवा. तरीही डॅशबोर्डवर ‘30 दिवसांत परत आलेले’ असा आकडा येतो. ब्राउझर उघडून तपासलं, तर लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझर त्याच उपकरणावर संकेतस्थळांची माहिती ठेवतो त्या जागेत, तुमच्या स्क्रिप्टने टाकलेला ओळख क्रमांक सापडला. दुसऱ्या दिवशीही तोच.

यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, ही कुकी नाही.” मी विचारलं, कुकी म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद; ती नसली तरी माणूस ओळखला जातो की नाही? “पण कुकी नाही ना, मॅडम.” युरोपचा ई-प्रायव्हसी निर्देश उपकरणावर साठवलेल्या कुठल्याही माहितीला लागू होतो, हेही सांगितलं. तेव्हा हसून म्हणाला, “तुमच्या साइटवर एवढं लपवण्यासारखं आहे तरी काय?”

हसून! घरातल्या सामाईक कंप्युटरवर चोरून मदत शोधणारी माणसं आमच्याकडे येतात. जाताना हिस्टरी पुसतात. पण नुसती हिस्टरी पुसून साइट डेटा (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती) जात नाही, आणि तुमच्या क्रमांकामुळे ब्राउझरच्या सेटिंगमधल्या साइट डेटाच्या यादीत आमच्या संकेतस्थळाचं नाव राहतं. उद्या घरच्या कुणी ते पाहिलं तर उत्तर कोण देणार, तुमचा प्रतिनिधी?

पुन्हा लिहिते: माग काढणार नाही असं सांगून तुम्ही पैसे घेतलेत आणि माग काढलात. इतकी वर्षं मी इतर संस्थांना तुमचंच नाव सुचवत आले, याचा आज फार त्रास होतो आहे.

स्क्रिप्ट आजच काढली. यापुढे आमच्याच सर्व्हरवर, कुकी बंद ठेवून, मॅटोमो हे अ‍ॅनालिटिक्सचं सॉफ्टवेअर वापरणार आहे. आमच्या वाचकांबद्दल साठवलेलं सगळं पुसा, काय पुसलं ते लेखी कळवा आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत करा. महिनाअखेरपर्यंत हे झालं नाही, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार घेऊन ग्राहक आयोगाकडे जाईन. डॅशबोर्डचे आणि लोकलस्टोरेजचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.

संकेतस्थळाची संपादक