'लक्स' ऐकण्याआधी

ट्रॉन्डहाइम, नॉर्वे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या फोनवर 'लक्स' नावाच्या अल्बमची लिंक पाठवली आहे. इथल्या निदारोस कॅथेड्रल या मोठ्या चर्चच्या मुलींच्या गायकवृंदाने तो गायलाय. कॅथेड्रलचं बांधकाम १०७० साली सुरू झालेलं, मुलींचा वृंद मात्र १९९२चा! २०२०मध्ये या अल्बमला ग्रॅमीही मिळालं.

मला तुम्हाला ऐकवायचंय ते त्यातलं 'रिक्विएम'. गेलेल्या माणसांसाठी चर्चमध्ये होणारी ही प्रार्थना शतकानुशतकं लॅटिनमध्ये गायली जाते. ही रचना आजच्या काळातली, अँड्र्यू स्मिथ यांची. २२ जुलै २०११ला एका माणसाने इथल्या राजधानीत, ऑस्लोत, बॉम्बस्फोट केला आणि मग उटोया बेटावर तरुणांच्या शिबिरात शिरून गोळ्या झाडल्या. ७७ जीव गेले, त्यातले ६९ बेटावर. कितीतरी शाळकरी पोरं होती. त्यानंतर या रचनेचा रोख मुलांकडे वळला. आणि ती गातंय कोण, तर साधारण त्याच वयाच्या मुली. ऐकताना मला बायबलमधली राहेल आठवते. मुलं गेली म्हणून ती रडते आणि कुणी कितीही समजूत घातली तरी ऐकत नाही.

बाबा, तुम्ही विचारणारच म्हणून सांगते. ध्वनिमुद्रण करणारे मॉर्टन लिंडबर्ग माईक मधोमध ठेवतात आणि गाणारे-वाजवणारे त्याच्या भोवती उभे राहतात. त्यामुळे पखवाजाला खेटून बसून भजन ऐकावं तसं वाटतं. दगडी इमारत एवढी उंच की सूर सोडला तरी लगेच विरत नाही, पुढचा सूर त्याच्यावरच येऊन बसतो. मधे सॅक्सोफोन येतो, तो फार आतून येतो. हेडफोन लावूनच ऐका.

आई, मावशी गेल्यापासून तू गुरुवारच्या भजनाला जात नाहीस असं बाबा म्हणाले. सगळे तुला सांगत असतील, देवाचं नाव घे, बरं वाटेल. मी तसं सांगणार नाही. या मुली आधी दुःखच गातात, पुरतं, घाई न करता. आशा नंतर येते आणि तीही दुःखाला बाजूला सारत नाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? ज्ञानेश्वरांच्या समाधीचे नामदेवांचे अभंग तूच आम्हाला म्हणून दाखवायचीस. निवृत्तिनाथ थोरले, शिवाय गुरू, तरी धाकट्या भावासाठी त्यांचा बांध फुटतोच ना! तुझीही धाकटी बहीण गेली आहे. भजनात रडू आलं तर येऊ दे. त्या सगळ्या बायका मावशीलाही ओळखत होत्या, तुला कुणी गप्प करणार नाही.

या गुरुवारी जमलं तर जा. नाही जमलं तर बाबांबरोबर हे ऐक आणि मला फोन कर. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजले की मी घरी असते.

तुमची,
मनू