फुल इंजिन कामानंतर गाडी गरम होणे व चुकीच्या निदानाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

विषय: आपल्या सातारा वर्कशॉपमध्ये बांधलेले टोयोटा क्वालिसचे (2003, डिझेल) इंजिन सतत गरम होणे, त्याचे चुकीचे निदान आणि खर्चाची परतफेड

महोदय,

जानेवारीत मी क्वालिस आपल्या सातारच्या वर्कशॉपला दिली, तेव्हा तिला गरम होण्याचा त्रास नव्हता. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण पुढच्या तीन महिन्यांत आपल्या लोकांनी मला प्रत्येक वेळी "गाडी जुनी आहे" एवढेच ऐकवले. गाडी जुनी आहेच. 3,12,000 किलोमीटर झाले होते, तेल खात होती, निळा धूर मारत होती, थंडीत सकाळी सुरू व्हायला वेळ घेत होती. पण आम्ही वाईला राहतो आणि आईचे माहेर भिलारला. वीस वर्षे ही गाडी भरल्या माणसांनिशी पसरणीचा घाट चढते आहे आणि तापमानाचा काटा कधी निम्म्याच्या वर गेलेला मी पाहिला नाही.

आपल्या सुपरवायझरने कॉम्प्रेशन मोजून फुल इंजिन काम सांगितले. मला ते पटले. बोअर, नवे पिस्टन आणि रिंगा, बेअरिंग, हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) फेसिंग म्हणजे पृष्ठभाग सपाट करणे, व्हॉल्व्ह, गास्केट (सांधा बंद ठेवणारा पातळ थर) सेट, वॉटर पंप असे मिळून 1,08,400 रुपयांचे बिल झाले. ते मी एका दिवसात भरले. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, ती मोडीत काढायची नव्हती.

5 फेब्रुवारीला गाडी हातात आली. वाईपर्यंत उत्तम आली. दुसऱ्या रविवारी घाटात अर्ध्यावर पोचलो आणि काटा लाल रेघेला टेकला. थांबलो, बॉनेट उघडले, बाजूच्या बाटलीतून पाणी उसळून बाहेर येत होते. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "नवीन इंजिन टाइट असतं, हजार किलोमीटर चालवा, मोकळं होईल." नव्या बोअरमध्ये रिंगा बसेपर्यंत घर्षण जास्त असते, इंजिन थोडे गरम चालते, हे मलाही मान्य आहे. पण थोडे गरम चालणे वेगळे आणि पाणी उकळून बाहेर फेकणे वेगळे. हा सल्ला ऐकून मी गाडी तशीच चालवत राहिलो असतो तर इंजिन जाम झाले असते.

त्यानंतर मी गाडी तीनदा आपल्याकडे आणली. पहिल्यांदा रेडिएटर चोक आहे म्हणून नवा बसवला, 9,200 रुपये. फरक पडला नाही. दुसऱ्यांदा फॅन क्लच (रेडिएटरचा पंखा फिरवणारा भाग) बदलला, 6,500 रुपये. चार दिवस बरे वाटले, कारण त्या चार दिवसांत मी घाट चढलोच नव्हतो. तिसऱ्यांदा थर्मोस्टॅट काढूनच टाकला आणि "आता पाणी मोकळं फिरेल" म्हणून गाडी परत दिली.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या तंत्रज्ञांना हे ठाऊक असायलाच हवे. या इंजिनातला थर्मोस्टॅट दोन कामे करतो. पाणी तापले की तो रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि तापलेल्या पाण्यातले काही पाणी रेडिएटरला न जाता तसेच इंजिनात परत फिरते. म्हणजे चढावर, जिथे थंडाव्याची खरी गरज असते, तिथेच तो कमी पडतो. आधीच गरम होणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून आपण तिचा त्रास वाढवला. शिवाय तेव्हा कूलंट न भरता नळाचे पाणी भरले होते, हे मला नंतर कळले. कूलंटने पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो, आतून गंजही धरत नाही. नव्याने बांधलेल्या इंजिनात साधे पाणी का भरले, याचे उत्तर मला हवे आहे.

29 मार्चच्या संध्याकाळी आम्ही भिलारला निघालो होतो. मागच्या सीटवर माझी 76 वर्षांची आई होती. घाटातल्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि पुढचे काही दिसेना. गाडी कडेला घेतली. संरक्षक कठडा दोन हातांवर होता. आईला दगडावर बसवून, मोबाइलचा दिवा मागच्या गाड्यांना दाखवत आम्ही पाऊण तास काढला. टो करून गाडी खाली आणायला 3,000 रुपये गेले. त्या पाऊण तासाची भरपाई मी मागत नाही, ती होणारही नाही. पण ती संध्याकाळ कशामुळे आली हे आपल्याला वाचावे लागेल.

दुसऱ्या दिवशी मी वाईतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पाना हातात घेतला नाही. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केली आणि मला रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबून धरायला सांगितला. एक मिनिटही झाले नसेल, पाइप दगडासारखा कडक झाला. पाणी मात्र अजून थंड होते, हाताला जाणवत होते. ते म्हणाले, "पाणी तापायच्या आधी दाब आला, म्हणजे हा दाब उष्णतेचा नाही. सिलिंडरमधली हवा पाण्यात येते." मग गाडी पुन्हा थंड केली, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून सुरू केली. तोंडाशी बुडबुडे येत होते आणि रेस दिली की वाढत होते. शेवटी त्यांनी गॅस तपासायची नळी रेडिएटरच्या तोंडावर लावली. आतला निळा द्रव आमच्या डोळ्यांदेखत पिवळट हिरवा झाला. पाण्यात जळालेल्या इंधनाचा वायू आहे, याचा तो पुरावा. या सगळ्याला अर्धा तास लागला आणि त्यांनी माझ्याकडून 500 रुपये घेतले.

हीच तपासणी आपल्या वर्कशॉपमध्ये फेब्रुवारीतच झाली असती, तर रेडिएटर लागला नसता, फॅन क्लच लागला नसता आणि आई त्या दगडावर बसली नसती. तीनही जॉब कार्डांवर "तपासणी" या रकान्यात फक्त "ओव्हरहीट" असे लिहिले आहे. ती माझी तक्रार झाली. निदान कुठेच नाही.

आता मुख्य गोष्ट. त्याच मिस्त्रींनी माझ्यासमोर हेड उतरवले, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. हेडचे काही बोल्ट पान्याला लांब पाइप लावून सोडवावे लागले आणि तीन बोल्ट एका हाताने सुटले. मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क मारला असता, म्हणजे मोजून सारख्या जोराने आवळले असते, तर इतका फरक राहिला नसता. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये गास्केटवर काजळीची एक काळी वाट उमटली होती, बोटभर रुंद. वायू तिथूनच पाण्याच्या वाटेत जात होता. ब्लॉकवर (हेडखालचा, सिलिंडर असलेला भाग) सरळपट्टी ठेवली तर नेमकी त्याच ठिकाणी फट मोजायची 0.25 मिलिमीटरची पाती सरकन आत गेली. तीच पाती इतरत्र कुठेही जात नव्हती.

आपण म्हणाल, गाडी गरम असताना चालवल्यामुळे ब्लॉक वाकला. मी आधीच सांगतो, ते टिकणार नाही. कारण नेमक्या त्याच जागी, गास्केटच्या दोन्ही अंगांना, राखाडी सिलिकॉन थापलेले होते. बाकी संपूर्ण गास्केटवर सिलिकॉनचा ठिपकाही नव्हता. म्हणजे इंजिन बांधणाऱ्याने तो खोलगटपणा पाहिला होता. ब्लॉकही लेथवर पाठवून फेस मारून घेण्याऐवजी त्याने ट्यूब पिळली आणि वर हेड आवळले. उरलेले सिलिकॉन शेवयांसारखे सुटून पाण्याच्या वाटेत गेले होते. त्याचा एक गोळा आपल्याच नव्या रेडिएटरच्या वरच्या टाकीत सापडला. हेड गास्केटवर सिलिकॉन टिकत नाही, हे गावातल्या शिकाऊ पोरालाही माहीत असते.

चुका होतात. त्याने "ब्लॉक खोलगट आहे, आणखी खर्च येईल" असे मला सांगितले असते तर मी तो दिला असता. दिसलेला दोष झाकला, आणि नंतर गाडी तीनदा समोर उभी असताना कुणीही तो बोलून दाखवला नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

इंजिन पुन्हा पूर्ण खोलावे लागले. ब्लॉकला फेस मारला, हेड दाबाखाली तपासले, सुदैवाने त्यात क्रॅक नाही. ब्लॉकचा फेस खाली गेल्यामुळे पिस्टन किती वर येतो ते डायल गेजने मोजले आणि त्या मापाने जाड गास्केट निवडले. नवा थर्मोस्टॅट आणि कूलंट घातले. खर्च 41,700 रुपये. गेल्या पंधरा दिवसांत मी पाच वेळा पसरणीचा घाट चढलो, त्यात एकदा दुपारी दोन वाजता, सात माणसे घेऊन. काटा निम्म्यावर आहे.

माझी मागणी अशी. दुसऱ्यांदा इंजिन खोलण्याचे 41,700, विनाकारण बदललेल्या रेडिएटर आणि फॅन क्लचचे 15,700, आणि टोचे 3,000, असे एकूण 60,400 रुपये परत करावेत. पहिल्या बिलातले सुटे भाग मी वापरतो आहे, त्यांचे पैसे मागत नाही. यासोबत, ब्लॉकला फेस का मारला नाही आणि सिलिकॉन कोणाच्या सांगण्यावरून लावले, याचे लेखी उत्तर द्यावे. त्याच हाताने त्या काळात बांधलेल्या इतर इंजिनांच्या मालकांना बोलावून त्यांची गॅस तपासणी मोफत करून द्यावी. ती कुटुंबेही कुठल्या तरी घाटातून जात असतील.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. चारही बिले, तीन जॉब कार्डांच्या प्रती, फोटो आणि वाईच्या मिस्त्रींचा सहीचा अहवाल सोबत जोडला आहे. जुने गास्केट आणि सिलिकॉनचा गोळा मी घरी जपून ठेवला आहे. तो टपालाने पाठवणार नाही. आपला तंत्रज्ञ वाईला पाठवा, मी समोर ठेवून दाखवीन.

आपला,
क्वालिसचा मालक, वाई, जि. सातारा